सोलर पंप किती एचपीचा घ्यावा? आधी विहीर मोजा, मग बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे: जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात साडेतीन एकर रान, त्यात दीड एकर मोसंबी ठिबकवर, राहिलेल्या दोन एकरात कापूस नाहीतर गहू. विहीर ५५ फूट खोल, २० फूट व्यासाची, आणि बांधाला ३५० फुटांचं बोअर. स्वतःचं वीज कनेक्शन नाही, चुलत्यांच्या मीटरवरून मोटर चालते आणि त्यावरून घरात रोज कुरबूर. आता राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करायचाय. पाच एचपी बसतोय पण साडेसात मिळाला तर बरं, विहिरीवर लावू का बोअरवर, एसी घेऊ का डीसी, आणि त्याच पॅनलवर कडबा कुट्टी, गिरणी, घरची लाइट चालेल का.

भाऊ, मी सोलर पंप बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, मराठवाडा आणि नगरच्या बाजूला, त्यामुळे कागदावर काय असतं आणि रानात काय होतं हे दोन्ही बघितलंय. सरळ सांगतो, एचपीचा नाद सोडा. जवळपास प्रत्येक जण मला पहिला प्रश्न एचपीचाच विचारतो आणि विहिरीला चोवीस तासात पाणी किती येतं हे विचारलं की गप्प होतो. सोलरमध्ये पंप मोठा असून उपयोग नाही, पाणी असलं पाहिजे आणि ते किती उंचीवर चढवायचंय ते माहीत असलं पाहिजे.

नियमाचं आधी उरकू. २०२४ पासूनच्या या योजनेत अडीच एकरपर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकर ५ एचपी आणि पाच एकराच्या वर साडेसात, असं जमिनीवर ठरतं, म्हणजे तुम्हाला साडेसात बसतच नाही, पात्रतेपेक्षा कमी एचपी मात्र मागता येतो. सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के हिस्सा भरावा लागतो, एससी-एसटीला ५ टक्के. आधी कुठल्या सौर पंप योजनेचा लाभ घेतला असेल तर परत मिळत नाही, आणि पाण्याचा शाश्वत स्रोत लागतो. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, त्यातला ब घटक म्हणजे हेच, विजेच्या लाइनशी संबंध नसलेले स्वतंत्र सोलर पंप.

आता विहीर. हे काम फुकटात होतं आणि एका दिवसात होतं. चुलत्यांच्या मोटरनं संध्याकाळपर्यंत विहीर ओढून घ्या, अगदी फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) उघडा पडायच्या आत थांबा, दोरीला दगड बांधून पाणी कुठवर आहे तिथं गाठ मारा. सकाळी परत दोरी सोडा. तुमच्या २० फुटी विहिरीत एक फूट पाणी चढलं म्हणजे साधारण ९ हजार लिटर झालं (२४ फुटी असती तर पावणेतेरा हजाराच्या आसपास). रात्रीतून आठ फूट चढलं तर ७० हजार लिटर, अडीच फूट चढलं तर बावीस-तेवीस हजार. हे डिसेंबरात एकदा आणि एप्रिलच्या शेवटाला एकदा करायचं, कारण आपल्याकडं काळा पाषाण आहे, पाणी फटीतून आणि मुरमातून येतं, दिवाळीला डबडबलेली विहीर अक्षयतृतीयेला तळ दाखवते. नुसता डिसेंबरचा आकडा धरून पंप घेतला की उन्हाळ्यात तो अर्धा तास चालतो, ड्राय रनवर (पाण्याविना फिरतोय म्हणून) बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद, आणि मग फोन येतो की कंपनीनं डब्बा पंप दिला. पंपाचा त्यात काही दोष नसतो, विहीर उपसली गेलेली असते एवढंच.

आता तुमची गरज बघू. पाण्याचे दोन आकडे डोक्यात ठेवा. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला १ लाख लिटरच्या थोडं वर लागतं. आणि एक मिलिमीटर म्हणजे ४ हजार लिटर. मोसंबीची एकरी ११०-१२० झाडं धरली तर दीड एकरात पावणेदोनशे झाडं, मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनं रोज शंभर लिटरच्या आसपास, म्हणजे रोजचं १७-१८ हजार लिटर. एवढंच. उन्हाळ्यात विहीर रात्रीतून अडीच फूट जरी चढत असेल तरी बाग वाचते. गव्हाचं गणित वेगळं, दोन एकराला अडीच इंचाचं एक पाणी द्यायचं म्हणजे ५ लाख लिटर, आणि ते कुठलाही सोलर पंप एका दिवसात देणार नाही.

५ एचपीला साधारण ४८०० वॅटचे पॅनल असतात, आत्ताच्या ५४० वॅटच्या पॅनलनं नऊ पॅनल. हिवाळ्यातल्या लख्ख उन्हाच्या दिवसात एकूण २५ मीटर चढ असेल तर त्यातून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी निघेल, ३ एचपीच्या ३००० वॅटमधून ७५-८० हजार. हा माझा रानातला अंदाज आहे, कंपनीचा कागद याच्यापेक्षा गोड बोलतो. म्हणजे गव्हाचं एक पाणी ५ एचपीवर चार दिवस, ३ एचपीवर सहा-सात दिवस. पण विहीर रात्रीतून ७० हजारच देत असेल आणि दिवसा वरून अजून थोडं झिरपत असेल, तर ५ एचपी घेऊनसुद्धा तुम्ही रोज लाखाच्या खालीच अडकणार. आता समजलं का मी एचपी का विचारू नका म्हणतो? तुमच्या दोन एकर गव्हाला पाण्याची मर्यादा विहिरीची आहे, पंपाची नाही.

मग ३ घ्यायचा का ५? इथं चढ बघावा लागतो आणि यातच लोक जास्त फसतात. चढ म्हणजे नुसती विहिरीची खोली नव्हे. उन्हाळ्यात पाणी ४५ फुटावर म्हणजे १४ मीटर, रान विहिरीपेक्षा उंचावर असेल तर ते वेगळं, धरा ३ मीटर. ठिबकला एक किलो प्रेशर पाहिजे, ते झाले १० मीटर, फिल्टर खातो तीन-चार मीटर, कचरा भरलेला असेल तर जास्त. आणि पाइप. पाइपकडं कोणीच बघत नाही. तासाला २० हजार लिटर पाणी दोन इंची (६३ मिमी) पाइपातून नेलं तर दर १०० मीटरला जवळपास ७ मीटर चढ नुसता घासण्यात जातो, अडीच इंची (७५ मिमी) टाकला तर तोच ३ मीटरच्या आत येतो. म्हणजे तुमची बाग विहिरीपासून ३०० मीटरवर असेल तर दोन इंचीत २० मीटर गेले, अडीच इंचीत आठ-नऊ. पाइपात थोडे पैसे जास्त घातले की दोन एचपीचा फरक तिथंच निघतो, पण पाइप स्वतःच्या पैशाचा आणि पंप सरकारच्या पैशाचा, म्हणून सगळे पंप मोठा मागतात, चालायचंच.

अजून एक, हे नीट समजून घ्या कारण लाइनच्या मोटरला हे लागू नसतं. लाइनची मोटर एकतर पूर्ण फिरते नाहीतर बंद असते. सोलरची मोटर ऊन असेल तशी फिरते, सकाळी ३५ हर्ट्झ, दुपारी ५०, आभाळ आलं की परत खाली. आणि पंपाचा नियम असा की फेरे कमी झाले की पाणी त्या प्रमाणात कमी होतं, पण चढ त्याच्या वर्गानं कमी होतो. ५० चे ३५ हर्ट्झ झाले म्हणजे फेरे ७० टक्के, पण चढवायची ताकद निम्मी! ज्या पंपाचा शेवटचा चढ ६० मीटर आहे तो सकाळी २९-३० मीटरच्या वर पाणी उचलतच नाही, मोटर फिरत राहते, आवाज येतो, पाणी मात्र नाही, आणि माणूस म्हणतो वॉशर गेला. म्हणून तुमचा हिशोब ३५ मीटरचा निघत असेल तर ३० मीटर हेडचा (हेड म्हणजे हाच चढ) पंप स्वस्तात गळ्यात मारून घेऊ नका, ५० मीटर हेडचा मागा. सर्व्हेला माणूस येतो तेव्हाच हे बोलायचं, नंतर बदलत नाही.

माझा सल्ला: विहिरीवर लावा, बाग लांब असेल आणि ठिबक थेट पंपावर चालवायचं असेल तर ५ एचपी घ्या, तुमच्या पात्रतेत बसतोच. बाग विहिरीला लागून असेल आणि डिसेंबरातसुद्धा विहीर चोवीस तासात ८० हजाराच्या वर देत नसेल तर ३ एचपी पुरतो, हिस्सा कमी भरावा लागतो आणि विहीरही दम धरते. बोअरवर लावू नका. ३५० फुटांच्या बोअरला पाणी अडीचशे फुटावर धरलं तरी ७५ मीटर झाले, तिथं ३ एचपी दिवसाला पंचवीस-सव्वीस हजार लिटर देईल आणि तेही साडेदहा ते अडीचमध्ये, सकाळ-संध्याकाळ नुसता हम्म आवाज. शिवाय बोअर आटलं की अख्खा सेट शोभेला. बोअरमध्ये आता आहे ती लाइनची मोटर राहू द्या, चुलत्यांशी गोडीत असाल तर टंचाईत बोअरचं पाणी विहिरीत सोडून तिथून सोलरनं उचलता येतं, असं करणारे बरेच जण आहेत.

एसी-डीसीचं फार डोकं लावू नका. डीसी मोटर तेवढ्याच पॅनलमध्ये थोडं जास्त पाणी देते हे खरंय, पण पाच वर्षांची हमी संपल्यावर तिचा कंट्रोलर (पॅनल आणि मोटरच्या मधला डबा) गेला तर तालुक्याला कोणी हात लावत नाही. एसी मोटर अंबडला काय, मोठ्या गावाच्या फाट्यावर सुद्धा रिवाइंड होते. म्हणून मी एसीच्या बाजूनं आहे. हमीच्या काळात मात्र मोटर असो का कंट्रोलर, गावातल्या माणसाकडून उघडू नका, सील तुटलं की कंपनी हात वर करते आणि मग तिचं म्हणणं बरोबर असतं.

ठिबक चालवायची सवय बदलावी लागेल. लाइनवर तुम्ही दोन मोठे व्हॉल्व्ह करून रात्री दारं धरायला जात होतात, सोलरवर रानाचे छोटे छोटे चार भाग करा. सकाळी साडेनऊला पाणी कमी तेव्हा जवळचा छोटा भाग, अकरा ते दोन लांबचा आणि चढावरचा भाग, तीननंतर परत जवळचा. खत सोडायचं ते दुपारी, प्रेशर स्थिर असताना, नाहीतर लाइनच्या शेवटच्या झाडाला खत पोचत नाही. गव्हाला सारे लांब असतील तर आखूड करा, कमी पाण्याचा लोट लांब साऱ्यात अर्ध्यात मुरून जातो. शेततळं किंवा हौद असेल तर दिवसभर त्यात भरून घेणं सगळ्यात उत्तम, पण तिथून ठिबकला परत प्रेशर लागतं हे विसरतात लोक, तीन मीटर उंचावरच्या टाकीनं ०.३ किलोच मिळतं, सपाट छोट्या तुकड्याला चालतं, दीड एकर मोसंबीला नाही.

बाकी, मे महिन्यात ऊन जास्त म्हणून पाणी जास्त येईल असं वाटतं, तसं होत नाही. पॅनल तापला की वीज कमी होते, २५ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के, आणि आपल्याकडं मेमध्ये पॅनल ६०-६५ ला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात छान चालतं. पावसाळ्यात कमी, पण तेव्हा गरजही कमी, अपवाद पावसाच्या खंडाचा. त्यात आभाळ नुसतं भरून राहतं, पडतही नाही आणि पॅनलही चालू देत नाही, तेव्हा कापसाला पाणी द्यायचं तर हालच. डिझेल इंजिन भंगारात घालू नका, तासाला लिटरभर पितं पण असल्या आठवड्यात तेच कामाला येतं.

जागा निवडताना सावली बघा. नऊ पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी सगळ्यांचं पाणी कमी होतं. एका ठिकाणी कंपनीच्या पोरांनी सिमेंट वाहायला सोपं म्हणून स्ट्रक्चर विहिरीच्या काठी लिंबाच्या पूर्वेला उभं केलं, काम झालं मे महिन्यात, सगळं ठीक. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला सरकला आणि अडीच वाजल्यापासून फांद्यांची सावली कोपऱ्यातल्या दोन पॅनलवर, बरोबर गव्हाच्या हंगामात तीन तास गेले. शेवटी फांद्या छाटल्या, दुसरं काय करणार. तोंड दक्षिणेला, झाडापासून हिवाळ्याची सावली धरून लांब, आणि विहिरीपासून केबल जास्त लांब नको.

वादळ आणि वीज. अवकाळीत एप्रिल-मेला पत्र्यासारखे पॅनल उडालेले मी बघितलेत, कारण खड्डा उथळ आणि काँक्रीटला पाणी मारलेलं नाही. तुम्ही स्वतः उभं राहून खड्डा बघा आणि पुढं आठवडाभर पाणी मारा, तुमच्याच फायद्याचं आहे. वीज पडते त्यासाठी अरेस्टर आणि वेगळं अर्थिंग असतं, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा. गडगडायला लागलं की डीसी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच) बंद. आणि एक कानाला खडा लावा: मोटर चालू असताना पॅनलचे कनेक्टर ओढायचे नाहीत. तिथं ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं, एसीसारखी ठिणगी विझत नाही, जाळ ओढत राहतो. पोरं मोबाइल चार्जिंगसाठी तिथं खटपट करतात म्हणून सांगतोय. पॅनल धुवायचे ते सकाळी गार असताना, बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं धुतले तर लगेच पुसा, पांढरे डाग बसले की निघत नाहीत.

आता कुट्टी आणि गिरणी. प्रश्न रास्त आहे, कारण मोसंबीला आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा) ताण द्यायचा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी बंद, पावसाळ्यात पंप बंद, म्हणजे वर्षातले कित्येक दिवस ४८०० वॅट नुसते ऊन खात पडून राहतात. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी मंडळी करून उरलेली वीज लाइनला विकायला सुरुवात केली, आपला पंप लाइनला जोडलेलाच नाही त्यामुळे ते बंद. आपल्याकडं मार्ग म्हणजे युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर, केंद्राच्या नियमात तो बसतो, त्यावर पंप बंद असताना कुट्टी, गिरणी असलं काही चालवता येतं. तुमच्या पुरवठादाराकडं तो मिळतो का हे निवडतानाच विचारा. साधा कंट्रोलर आला तर त्याची वायर काढून कुट्टीला जोडू नका, हमी गेली समजा. कुट्टीची मोटर थ्री फेजच पाहिजे, सिंगल फेजवाली चालत नाही. आणि ती अकरा ते दोनमध्येच चालवायची, भर कुट्टीत ढग आला की कडबा पात्यात अडकून बसतो आणि मग माणूस हात घालायला जातो. हात घालू नका, आधी स्विच बंद करा, ढग सरकला की मोटर आपोआप फिरते! गिरणीचं मी नाही म्हणेन. दगडाला सतत सारखा लोड लागतो, पीठ जाडंभरडं पडतं, बायका दोन दिवसात शिव्या घालतात.

घरची लाइट त्या पॅनलवर अजिबात नको. कोणी तरी सांगतो दोन वायरी काढून इन्व्हर्टरला जोड, घरचा इन्व्हर्टर १२ किंवा २४ व्होल्टचा आणि वरून येतात चारशे, धूर निघतो. शेतातल्या घराला वेगळा छोटा सेट करा, एक मोठा पॅनल, चार्ज कंट्रोलर, एक १५० एएचची बॅटरी, त्यावर चार एलईडी, एक पंखा, मोबाइल आणि बॅटरीचा फवारणी पंप निघतो. फ्रिज, मिक्सर, इस्त्री त्यावर नाही.

रानडुकरं आणि रोही त्रास देत असतील तर सोलर झटका मशीन मात्र घ्याच, पैसा वसूल होणारी वस्तू आहे. तिचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. पण ती नसली म्हणून कुंपणाला लाइनची वायर लावायची नाही, माणसं मरतात आणि घरधनी जेलमध्ये जातो. कापसाला सोलर प्रकाश सापळा लावला तर अंधार पडल्यापासून दोन-तीन तासच चालू ठेवा, रात्रभर चालला की मित्रकिडेही त्यातच जातात.

शेवटी कागदाचं. पैसे फक्त महावितरणच्या पोर्टलवरून भरा, कुसुमच्या नावानं नोंदणी फी मागणाऱ्या खोट्या वेबसाइट आणि फोन भरपूर आहेत, केंद्राच्या खात्यानंही याबद्दल वारंवार सावध केलंय. तुमच्या हिश्श्यात पंप बसवायचं काम धरलेलं असतं, वर कोणी पैसे मागितले तर लेखी तक्रार करा. पॅनल चोरीला गेला किंवा वादळात फुटला तर लगेच पोलिसात आणि कंपनीला कळवा, विमा त्या कागदावर मिळतो, म्हणून पॅनल, मोटर आणि कंट्रोलरचे नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बसवून झाल्यावर भर दुपारी, म्हणजे बारा-साडेबाराला, पाणी काढून दाखवायला सांगा. ऊन लख्ख असून धार बारीक असेल तर मोटर उलटी फिरत असते बऱ्याचदा, कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की धार दुप्पट होते, पण ते काम त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. पोरं गाडी चालू ठेवून घाईनं सही मागतात. धार बघा, नंबर कागदाशी जुळवा, अर्थिंगची पट्टी खरंच जमिनीत गेलीय का ते ओढून बघा, आणि मगच सही करा.